मंदाताईंनी काढलेला रस्ता

परवा शाळा सुटल्यावर तलासरीच्या स्टँडवर बसची वाट बघत उभा होतो. एक बाई आल्या, समोरच्या टपरीच्या बोर्डाकडे बघितलं आणि टपरीवाल्याला म्हणाल्या, "अहो भाऊ, तुमचा बोर्ड डावीकडे उतरलाय." तो म्हणाला, "राहू दे ना मावशी, गिऱ्हाईक काय बोर्ड खातंय?" बाई हसल्या आणि निघून गेल्या. झालं, एवढंच. पण माझी चुळबुळ सुरू झाली. मंदाताई असत्या तर अशा निघून गेल्या नसत्या. त्यांनी स्टूल मागवलं असतं, पदर खोचून स्वतः वर चढल्या असत्या, आणि बस सुटली असती तरी बोर्ड सरळ करूनच खाली उतरल्या असत्या. त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं. अजून ही बाई मला धड बसची वाट बघू देत नाही.

मंदाताई सावे आमच्या शेजारीण. डहाणूला स्टेशनच्या पूर्वेकडे चिकूची एक जुनी वाडी तोडून प्लॉट पाडले आणि आनंदवाडी कॉलनी झाली, तिथल्या पहिल्या रांगेत त्यांचं घर, आणि त्याला लागून आमचं. कॉलनीत माझ्यासारखे मास्तर, रेल्वेतले, तालुका कचेरीतले, आणि चार-पाच गुजराती दुकानदार. पुढे रस्ता, मागे कुंपण, कुंपणापलीकडे ओहोळ, आणि ओहोळापलीकडे वारल्यांचा बोरपाडा. एवढा भूगोल लक्षात ठेवा, कारण आम्ही तो लक्षात ठेवला नाही आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

बाई कधी बसायच्या नाहीत. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने. कुणाकडे सांत्वनाला गेल्या तरी दोन मिनिटांत उठायच्या आणि पंखा कुणाला लागत नाही, सतरंजी कुठे दुमडली आहे, ते बघत फिरायच्या. माझी बायको सुषमा म्हणायची, "ताईंच्या पायाला भिंगरी लागलीय." मला वाटायचं, यांच्या पायांचा काही दोष नाही, डोळेच यांना बसू देत नाहीत. जगात इतकं काही तिरपं पडलेलं असताना माणूस बसणार कसा, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेंपोतून अजून गाद्या उतरायच्या होत्या. दारात एक उंच, काटकुळी बाई उभी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "नवीन ना? मी सावे. हा खिळा कुणी मारला?" मी म्हटलं, मीच मारला. "दिसतंच आहे," म्हणाल्या, आत आल्या, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, खिळा उपटला, चार बोटं सरकवून पुन्हा ठोकला. मग सुषमाला म्हणाल्या, "आज स्वयंपाक करू नका. भात-आमटी पाठवते." मला त्यांचा इतका राग आला होता की ती आमटी मी मुद्दाम कमी खाल्ली. काय चव होती हो! अजून पस्तावतो.

नोकरीत त्या अनुरेखक होत्या. हा शब्द आता कुणाला कळत नाही. मोजणीवाले जमीन मोजून पेन्सिलीचा कच्चा नकाशा आणायचे. त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून शाईने पक्का नकाशा उतरवणारा तो अनुरेखक. हाताचा घाम किंवा तेल त्या कापडाला लागलं की शाई धरत नाही, म्हणून आधी हातांना पावडर चोळायची. तीस-बत्तीस वर्षं हे केल्यावर ती सवय जाणार कशी? निवृत्त होऊनही कुठलाही कागद हातात घेण्याआधी बाई पावडरचा डबा उघडायच्या. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, नातवाचं प्रगतिपुस्तक असो. आमच्या मुलीच्या बारशाची पत्रिका घेताना त्यांनी "थांबा" म्हणून आत जाऊन हात पांढरे करून आणले, तेव्हा सुषमा हसू दाबता दाबता बेजार झाली.

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, "कागदावर आहे का?" नळाची तक्रार असो, कुणाच्या झाडाची फांदी असो, की कुणी कुणाला काय बोललं याचं भांडण असो. "कागदावर आहे का? नाही? मग नाहीच ते." रेशन-किराण्याचं दुकान चालवणारे जिग्नेशभाई एकदा वैतागून म्हणाले, "ताई, माझं लगन पण कागदावर नाय, कधी रजिस्टर नाय केलं. तरी बायको रोज बोलते ना!" सगळे खो खो हसले. ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या नवराबायकोला कचेरीत नेऊन त्यांनी लग्नाची नोंद करून आणली. चाळिशी उलटलेले जिग्नेशभाई फोटो काढायला कोट घालून गेले होते.

कॉलनीच्या मधोमध बागेसाठी राखलेला मोकळा प्लॉट आहे. तो आज मोकळा आहे तो केवळ या बाईमुळे. तिथे आधी कुणी गाडी लावली, मग कुणी गाडीवर पत्रा टाकला, मग पत्र्याला भिंत आली. ताई रोज सकाळी कॉलनीचा मंजूर नकाशा पिशवीत घालून यायच्या, त्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "या नकाशात ही भिंत दाखवता का जरा? मला वयोमानाने दिसत नाही." पंधरा दिवस. भिंतवाल्याने सोळाव्या दिवशी हात टेकले. मग तिथे झाडं आली, बाकं आली, बायकांचं हळदीकुंकू, मुलांचं क्रिकेट आणि नवरात्रात गरबा. गरब्यालासुद्धा त्यांनी चुन्याने वर्तुळ आखून दिलं, अँब्युलन्सला वाट सोडून. जिग्नेशभाईंच्या सौ. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मंदाबेन, आ गरबो छे, परेड नथी!" पण त्या वर्षी नाचता नाचता एकाच्या छातीत दुखायला लागलं आणि गाडी थेट त्याच्यापाशी येऊन थांबली. तेव्हापासून चुन्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

खरं सांगतो, आम्ही सगळे त्यांना कंटाळलेलो होतो आणि सगळे त्यांच्या जिवावर निर्धास्त होतो. कॉलनीत हे दोन्ही एकाच वेळी चालतं.

मग तो आराखडा आला. वाढवणला बंदर होणार म्हणून तिकडे लोक विरोधाला उतरले होते, मासेमारीचं काय, शेतीचं काय म्हणून विचारत होते. आमच्याकडे मात्र 'आपल्या बाजूला काय येणार' एवढीच चर्चा. एक दिवस विकासाचा कच्चा आराखडा जाहीर झाला. रंगीत नकाशा, त्यावर शाळा, दवाखाने, बाजार, सगळं आखलेलं. आणि आमच्या पुढच्या रस्त्यावर जाड लाल रेघ. रस्ता बारा मीटरचा होणार. म्हणजे पहिल्या रांगेतल्या सहा घरांचे ओटे जाणार, पुढच्या खोल्यांना कात्री लागणार. त्यात ताईंचं घर, आमचं घर, जिग्नेशभाईंचं घर. हरकती घ्यायला महिनाभराची मुदत होती.

कॉलनीत हाहाकार. सभेत जो तो उठून 'अन्याय, अन्याय' करायला लागला. ताई उभ्याच होत्या, नेहमीसारख्या. म्हणाल्या, "अन्याय लिहू नका. अन्याय मोजता येत नाही, त्यामुळे साहेबांना तो वाचता येत नाही. पर्याय द्या." आणि आठ दिवसांत त्यांनी पर्याय काढला. मी पाहिलंय ते काम. जेवणाच्या टेबलावर जुना पायाभूत नकाशा पसरलेला, हाताला पावडर, नाकावर चष्मा, ओठ मुडपलेले. कॉलनीच्या मागून, ओहोळ ओलांडून, एका सरळ रेषेत थेट मोठ्या रस्त्याला मिळणारी वाट. सोबत टंकलेलं पत्र: वळण नाही, पक्कं बांधकाम बाधित नाही, जमीन वरकस, म्हणजे गवताची, पडीक. कॉलनीतल्या चाळीस जणांनी सह्या केल्या. मीही केली.

हे लिहिताना आजही माझा जीव तगमगतो. बोरपाडा आमच्या गच्चीवरून दिसतो. धूर दिसतो, कोंबडे ऐकू येतात. लग्नसराईत तिथे फुंकून वाजवायच्या तारप्याचा आवाज आमच्या हॉलमध्ये येतो आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. तिथली चैती रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या दारात भाजी विकते. चाळीस जणांनी सह्या केल्या, चाळिसांच्याही घरात त्या दिवशी तिने आणलेली भाजी शिजली असेल, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की अहो, तिथे माणसं राहतात. मी तर मास्तर. पाड्यातली दोन पोरं आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहून माझ्याच वर्गात शिकत होती! सही करताना मीही नकाशाच बघत होतो, आणि नकाशात तिथे कोरं होतं.

हरकत मान्य झाली. सुनावणीत साहेबांनी ताईंच्या आखणीचं कौतुक केलं म्हणे. बदल मोठा असल्यामुळे तेवढा भाग हरकतींसाठी पुन्हा जाहीर झाला, पण ती नुसती रीत, असं सगळे समजत होते. कॉलनीने ताईंचा सत्कार केला, शाल दिली. ताईंनी शाल घेतली, घडी मोडली आणि नीट घालून पुन्हा ठेवली. त्या दिवशी त्या खूश होत्या. खूश असल्या की जरा जास्तच वेगाने चालायच्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर उभा होतो. नव्या आराखड्याची मोठी प्रत त्यांनी भिंतीला लावली होती आणि मला काहीतरी दाखवत होत्या. चैती आली. टोपली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि नकाशाकडे बघायला लागली. माझ्यापेक्षा जरा लहान असेल. तिला वाचता येत नाही, पण रंगांचं कौतुक वाटलं असावं.

"बाय, ह्यो काय आपल्या गावाचा कागूद?"

"हो. हे बघ, हे स्टेशन. ही आपली कॉलनी. हे माझं घर."

"ना आमचा घर कठं?"

"तुझं घर..." ताईंनी बोट ठेवलं कॉलनीच्या कुंपणावर. तिथून ओहोळावर आल्या. "हा तुमचा ओहोळ. ही विहीर. विहिरीपासून वर गेलं की..." बोट सरकत गेलं आणि थांबलं. ते त्या जाड लाल रेघेवर थांबलं होतं.

मी चैतीकडे बघितलं. ती ताईंच्या बोटाकडे बघत होती. "हां, तठंच. विहिरीच्या वर," ती म्हणाली, ओळख पटल्याच्या आनंदात. "ही लाल काय हाय मंग?"

ताईंनी बोट उचललं. रेघेवर पावडरचा पांढरा ठिपका राहिला. मग म्हणाल्या, "चैती, टोपली इथेच ठेव. चल, तुझ्या घरी जाऊ. सर, तुम्हीसुद्धा." मी म्हटलं, माझी बस आहे. त्या म्हणाल्या, "बस रोज आहे."

एप्रिलचं ऊन. ओहोळात पाणी नव्हतं, दगडांवरून पलीकडे गेलो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं राहून मी पहिल्यांदा तो ओहोळ ओलांडत होतो आणि ताईही पहिल्यांदाच. सतरा घरं. बहुतेक कुडाची, दोन-तीन विटांची, एक सरकारी घरकुल. वर आंबे, ताड, बोरीची गर्दी. आकाशातून फोटो काढला तर झाडंच दिसणार. ताई घरागणिक थांबत होत्या, दाराची दिशा बघत होत्या, मनातल्या मनात पावलं मोजत होत्या. प्रत्येक घरापाशी त्यांचा चेहरा जास्त उतरत होता.

चैतीचा सासरा बाजेवर बसलेला होता. खूप म्हातारा, मोतीबिंदूने डोळे पांढरे झालेले. पाड्यात त्याला सगळे आजा म्हणत. चैतीने त्याला मोठ्याने सांगितलं की बाय कागूद करणारी हाय, आपला घर कागदात हाय का ते बघाय आलीय. आजा म्हणाला, "हाय ना. मागं मोजणी आलेली तवा साखळी मी धरलेली. साहेब बोलला, तुमचा घर कागदात घेतला." मग जरा थांबून, ताईंच्या दिशेने तोंड करून त्याने विचारलं, "मंग तो गेला कठं?"

सरळ विचारत होता बिचारा. त्यात टोमणा नव्हता. परतताना ओहोळाच्या मधोमध ताई एका दगडावर खाली बसल्या. मी घाबरलो, ऊन लागलं असं वाटलं. म्हटलं, पाणी आणू का?

"तो नकाशा माझ्या हातचा आहे, सर," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"जुना. ज्याच्यावरून हे सगळे काढतात. ज्याच्यावर मी रस्ता काढला. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. मोजणीच्या कागदावर ठिपके होते हो, पेन्सिलीचे. तेव्हा नऊ घरं होती. मी साहेबांना विचारलं, यांवर शाई फिरवू? साहेब म्हणाले, कच्ची घरं आहेत, आज आहेत उद्या नाहीत, नकाशा घाण होतो. मी नाही फिरवली. मी नऊ घरं गाळली आणि माझा नकाशा किती स्वच्छ आला म्हणून त्या महिन्यात माझं कौतुक झालं." मग एकदम माझ्यावरच चिडून म्हणाल्या, "आणि तुम्ही कसले मास्तर हो? तुम्हाला नाही सुचलं? रोज गच्चीवर फिरता ना!"

तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून बाईंनी आमची झोप उडवली. मुदत संपायला तीन आठवडे होते. सकाळी सातला त्या पाड्यात, टेप घेऊन. चैतीने टेपचं टोक धरायचं, ताईंनी वाचायचं, लिहायचं. सतरा घरं, विहीर, देवाची जागा, पाड्यातली पायवाट, गुरांचा गोठा, काही सोडलं नाही. दुपारी घरी येऊन शाईने उतरवायचं. प्रत्येक घरावर घरवाल्याचं नाव. सुषमा त्यांना जेवणाचा डबा नेऊन द्यायची. सुषमाने मला न विचारता द्यायला सुरुवात केली, हे मी इथे नमूद करतो.

कॉलनीचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. सभा भरली. ताईंनी सांगितलं की मागून काढलेला रस्ता चुकीचा आहे, मूळ रस्ताच बरोबर आहे, आपण आपली हरकत मागे घेऊ. कुणालाही आधी खरं वाटेना.

"ताई, तुम्हीच वाचवलं ना आपल्याला?" जिग्नेशभाई म्हणाले.

"वाचवलं नाही. तुमच्यावरचं उचलून त्यांच्यावर टाकलं. आपले ओटे जातात, जिग्नेशभाई. त्यांची घरं जातात."

"त्यांना सरकार दुसरीकडे देईल ना घर."

"कागदावर नाहीत ते. ज्याचं घरच कागदावर नाही त्याला कुठून देणार?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीला आपलं घर पाडायची हौस आली आहे!" कोण ते मला माहीत आहे, सांगत नाही. ताईंनी नवा अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, सह्या करा. चाळिसातल्या चार जणांनी केल्या. त्यात सुषमा होती. माझ्यासमोर अर्ज आला तेव्हा मी म्हणालो, "बघतो." पुढची खोली मी गेल्याच वर्षी वाढवली होती, फरशी बदलली होती, मुलीच्या अभ्यासाचं टेबल तिथे होतं. हे सगळं खरं होतं, म्हणून तर बोलवत नव्हतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. अर्ज उचलला आणि पुढे गेल्या. त्याच संध्याकाळी कुणीतरी त्यांना कॉलनीच्या ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या सुनावणीला मी गेलो, तो सुषमा बोलेनाशी झाली म्हणून. मागच्या खुर्चीवर बसलो. पाड्यातली पंचवीस-तीस माणसं धुतलेले कपडे घालून भिंतीलगत उभी होती. आजाला उचलून आणलं होतं. साहेब तरुण होते, चांगले वाटले. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "सावेबाई, हा मागचा रस्ता म्हणजे तुमचीच मागणी होती ना?"

"हो. चुकीची होती."

"आम्ही तुमचं पाहून बदल केला."

"तुम्ही माझा कागद पाहिलात. मीसुद्धा कागदच पाहिला होता. तिथे जाऊन पाहायला हवं होतं, ते मी आत्ता केलं." आणि त्यांनी नवा नकाशा टेबलावर पसरला.

साहेब वाकून बघत राहिले. "उपग्रहाच्या चित्रात इथे नुसती झाडी दिसते," ते पुटपुटले.

चैती पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब, झाडी नांय. झाडीखाली आमी हाव." तिने नकाशावर बोट ठेवलं. आता तिला पाठ झालं होतं. "ह्यो माझा घर. ह्यो दिराचा. ही विहीर."

साहेबांनी विचारलं, "या नकाशावर सही कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "मंदा सावे, अनुरेखक, निवृत्त. आणि साहेब, मूळ रस्ता परत आणलात तर त्यात माझं घर येतं. म्हणून माझा यात काही स्वार्थ आहे असं कुणी लिहिलं असेल, तर ते खोडा."

मी उठून उभं राहायला हवं होतं. दोन वेळा गुडघ्यांवर हात ठेवले, दोन्ही वेळा बसून राहिलो. शरमेची गोष्ट आहे, लिहून टाकतो.

साहेब स्वतः पाड्यात जाऊन आले. आणखी काही महिन्यांनी आराखडा पक्का झाला आणि लाल रेघ परत आमच्या पुढच्या रस्त्यावर आली. बोरपाडा होता तिथेच राहिला, आणि आता तो नकाशात आहे, सतराच्या सतरा घरं. कॉलनीतल्या पहिल्या रांगेने ताईंशी बोलणं सोडलं. जिग्नेशभाई वाण्याचं सामान पोराकरवी पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत. ताई मात्र पूर्वीसारख्याच दिवसातून तीनदा कॉलनीभर फिरायच्या, नळ बघायच्या, झाडं बघायच्या, कुणी उत्तर देवो न देवो. मी त्यांना टाळायचो. बसला उशीर झाल्याचं नाटक करून फाटकातून पळायचो. मला त्यांचा रागही येत होता, आणि आपला राग खोटा आहे हे कळत असल्यामुळे जास्त येत होता.

खुणा करायला माणसं आली, त्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या मुलीने त्यांना वापीला नेलं. एका खोलीत कशी राहणार म्हणाली. तिथे दोन महिन्यांत ताई गेल्या. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या खुणा करायच्या सकाळी.

दोन माणसं होती, एकाकडे टेप, एकाकडे चुन्याची बादली. तिसरा आला नव्हता. रस्त्याच्या मध्यापासून सहा मीटर टेप धरायची आणि प्रत्येक घरात कुठवर येते तिथे चुना मारायचा. पहिल्या रांगेतली सगळी दारं बंद होती, आणि सगळ्या खिडक्यांमागे माणसं होती. मीही होतो. ताई बाहेर उभ्या होत्या. तिसऱ्याच्या ऐवजी त्यांनीच टेपचं टोक घेतलं आणि आपल्या ओट्यावर चढल्या. चुनेवाला म्हणाला, "बस बाई, इथंच ओट्यावर येतंय. मारतो चुना."

"ढिली आहे," ताई म्हणाल्या. "पोट पडलंय मधे. मध्यावर घट्ट धरा, मी ओढते."

टेपवाल्याने धरली, ताईंनी ओढली. टोक ओटा ओलांडून उंबऱ्याच्या आत गेलं, पुढच्या खोलीत, सोफ्यापाशी. ताईंनी वाकून स्वतः बोटाने जागा दाखवली. चुना पडला. मग त्या बाहेर आल्या, हात झटकले आणि माझ्या बंद खिडकीकडे बघून हाक मारली.

"सर, बाहेर या. तुमच्या घरात टेप धरायला माणूस नाही."

गेलो. काय करणार? त्या रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या, टोक माझ्या हातात. मी माझ्या पुढच्या खोलीत, मुलीच्या टेबलाच्या अलीकडे टोक टेकवलं. टेप मधे चांगली सैल पडली होती, मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. रस्त्यातून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर कुणाची एक वाकडी गोष्ट न बोलता सोडली नाही अशी ती बाई, आणि तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. चुनेवाला बादली घेऊन ताटकळत उभा.

मग मी टेबल बाजूला सरकवलं आणि टेप ओढली.